जपानी मालिकांतल्या पुरुषांचं गप्प बसणं

माझ्याकडे जपानी शिकणाऱ्या एका मुलीने विचारलंय: जुन्या जपानी मालिकांतला घरचा पुरुष एक तर ओरडायचा, नाहीतर रात्री उशिरा दमून यायचा आणि न बोलता जेवायचा. आताच्या मालिकांत तो डबे भरतो, बाळाला अंघोळ घालतो, चारचौघांत डोळे पुसतो. हा बदल खरा की टीव्हीवाल्यांची टूम? आणि नोकरीसाठी तोक्योला गेल्यावर असे पुरुष खरोखर भेटतील का?

मी पुण्यात जपानी शिकवते, भाषांतरं करते आणि वर्गात या मालिकांचे प्रसंग सतत दाखवते. त्यामुळे या बाबतीत माझं मत पक्कं झालेलं आहे. ते जरा सविस्तर सांगते.

"पूर्वीचा पुरुष कडक, आताचा हळवा" ही मांडणी मला पटत नाही. हळवे, रडणारे, मुलांसाठी जीव टाकणारे पुरुष जपानी पडद्यावर चाळीस वर्षांपूर्वीही होते. बदललं ते दुसरंच. पुरुषाला गप्प बसण्याची जी सवलत होती, ती हळूहळू काढून घेतली गेली. त्याच्या मनात काय आहे ते पूर्वी बायकोने, आईने, मुलांनी ओळखून घ्यायचं असे. आता ते त्याने तोंडाने सांगावं अशी अपेक्षा असते, आणि सांगता आलं नाही तर कथा त्याला सहजासहजी सोडत नाही.

१९७४ साली टीबीएस वाहिनीवर 'तेराउची कान्तारो इक्का' ही मालिका लागली. लेखिका मुकोदा कुनिको. तोक्योच्या यानाका भागातल्या एका दगडकामवाल्याच्या घराची ही गोष्ट. बाप कान्तारो धिप्पाड, मितभाषी आणि शीघ्रकोपी. ही भूमिका केली कोबायाशी आसेइ यांनी, जे मुळात संगीतकार. राग आला की कान्तारो शब्द शोधत बसत नाही, थेट मुलाच्या अंगावर जातो. ती झटापट इतकी जोरात चालायची की मुलाचं काम करणारा, तेव्हाचा तरुणींचा लाडका गायक साइजो हिदेकी, याचा चित्रीकरणात हात मोडला. प्रेक्षक हसायचे, कारण हा माणूस मनाने चांगला आहे हे घरातल्या बायकांना पक्कं ठाऊक असायचं. मुकोदांची नजर फार बारीक होती, त्या घरातलं जेवण, भांडण, रुसवे अजूनही ताजे वाटतात. पण बापाच्या रागाचा अर्थ लावत बसण्याचं काम तिथे सगळं बायकांच्याच वाट्याला आलेलं आहे.

तीन वर्षांनी 'किशिबे नो आरुबामु' मध्ये यामादा ताइची यांनी या मांडणीला सुरुंग लावला. तामा नदीकाठी स्वतःचं घर, नवरा व्यापारी कंपनीत, बायको, दोन मुलं. कंपनीत आपण काय करतो हे नवरा घरी सांगत नाही. बायको दुसऱ्या पुरुषात गुंतते. शेवटी मुलगा एके दिवशी सगळ्यांच्या तोंडावर सगळं ओकून टाकतो, आणि घर पुरात वाहून जातं. १९७४ साली कोमाए इथे तामा नदीचा बांध फुटून खरोखरच १९ घरं वाहून गेली होती, त्या पुराची दृश्यं मालिकेत वापरली आहेत. घर बांधलं, पगार आणून दिला, आता मला कोणी काही विचारू नये, असा त्या पिढीतल्या नोकरदार पुरुषाचा हिशेब होता. यामादांनी तो हिशेबच नदीत सोडून दिला.

आता माझी सगळ्यात लाडकी मालिका, 'किता नो कुनि कारा', फुजी वाहिनीवर १९८१-८२ मध्ये लागलेली. लेखक कुरामोतो सो. बायकोचं दुसऱ्या पुरुषाशी नातं आहे हे कळल्यावर कुरोइता गोरो आपल्या दोन मुलांना, जुन आणि होतारुला, घेऊन जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर, फुरानोजवळ आपल्या मूळ गावी परततो. मोडकं घर, वीज नाही, नळ नाही. तोक्योत वाढलेला जुन धास्तावून विचारतो, वीज नाही तर रात्र झाली की काय करायचं? गोरो सांगतो, रात्र झाली की झोपायचं. तानाका कुनिए या नटाने गोरो उभा केला तो खांदे पाडून चालणारा, स्वतःच्या लहान मुलाशीसुद्धा अदबीने बोलणारा, ओशाळून हसणारा. कान्तारोशी याचं काही नातं लागत नाही.

मूळ मालिका संपल्यावर तिचे विशेष भाग २००२ पर्यंत येत राहिले. १९८७ च्या भागात जुन शिकायला तोक्योला निघतो. गोरो त्याला एका मालट्रकमध्ये बसवून देतो आणि भाड्याचे पैसे ड्रायव्हरच्या हातात ठेवतो. बऱ्याच अंतरावर गेल्यावर तो आडदांड, तुसडा ड्रायव्हर मुलाला पाकीट घ्यायला लावतो. म्हणतो, मला हे पैसे घेता येत नाहीत, नोटांना माती लागली आहे, तुझ्या बापाच्या हाताची असणार, जन्मभर जपून ठेव. दहा हजार येनच्या कोऱ्या नोटा आणि त्यांवर चिखलाचा डाग. जुनला रडू फुटतं. वर्गात हा प्रसंग लावला की बहुतेकांचे डोळे भरून येतात, माझे दरवेळी येतात.

गोरो मायाळू आहे. तो चूल पेटवतो, कपडे धुतो, मुलांसाठी रडतो. नव्या पुरुषाची म्हणून जी लक्षणं आज सांगितली जातात ती त्याच्यात जवळजवळ सगळी आहेत. पण त्या ट्रकच्या प्रसंगात तो एक शब्दही बोललेला नाही. त्याचं प्रेम तिसऱ्याच माणसाने वाचून दाखवलं आणि मुलाने समजून घेतलं. ती नोट बोलली, बाप नाही. म्हणून हळवेपणाची फूटपट्टी लावून हा बदल मोजता येत नाही, असं मी म्हणते.

नोकरीतल्या समान संधीचा कायदा जपानमध्ये १९८६ पासून लागू झाला. कचेऱ्यांत स्वतःचं कमावणाऱ्या तरुणी वाढल्या आणि जाहिरातदारांना नेमक्या त्याच प्रेक्षक म्हणून हव्या होत्या. फुजीची सोमवारी रात्री नऊची वेळ त्यांच्यासाठी गाजू लागली. १९९१ च्या 'तोक्यो लव्ह स्टोरी' मध्ये मनातलं स्पष्ट बोलते ती रिका, चाचपडत, टाळत राहतो तो कान्चि. पडद्यावर बाई आधी बोलू लागली, पुरुष कितीतरी मागे राहिला. त्याच वर्षीच्या '१०१ काइमे नो पुरोपोझु' मध्ये एक साधासुधा, चाळिशीतला माणूस आपलं प्रेम पटवून देण्यासाठी भरधाव ट्रकसमोर उडी घेतो आणि मी मरणार नाही म्हणून ओरडतो. हे वाक्य जपानमध्ये आजही सगळ्यांच्या तोंडी आहे. बोलायची वेळ आली तेव्हा या पुरुषाला त्यासाठी ट्रक लागला.

आणि मग १९९२ मध्ये आले फुयुहिको-सान. टीबीएसच्या 'झुत्तो आनाता गा सुकि दात्ता' या मालिकेत नायिकेचं लग्न ठरवून होतं. मुलगा, म्हणजेच हे फुयुहिको, तोक्यो विद्यापीठाचा पदवीधर, बँकेत नोकरीला, वागायला सभ्य. कागदावर बोट ठेवायला जागा नाही. लग्नानंतर कळतं की तो फुलपाखरांच्या पेट्यांत आणि आईच्या पदराआड राहणारा माणूस आहे. बायकोशी बोलता येत नाही, मग तो ओठ आवळून घशातून कण्हल्यासारखा आवाज काढतो. सानो शिरो यांनी ते काम असं केलं की शेवटच्या भागाला ३४.१ टक्के प्रेक्षक मिळाले आणि 'फुयुहिको-सान' हा त्या वर्षीच्या गाजलेल्या शब्दांत जाऊन बसला. मला ही मालिका फार महत्त्वाची वाटते. अबोल पुरुषाच्या अबोलपणामागे खोल काहीतरी असणारच, हा विश्वास इथे मोडला. आत काहीच नसू शकतं, किंवा भयंकर काहीतरी असू शकतं, हे बायकांनी घरबसल्या दर आठवड्याला पाहिलं.

पुढची दहा-पंधरा वर्षं मी भरभर ओलांडते. किमुरा ताकुया या नटाच्या मालिकांचा तो काळ, देखणा, जरा रुक्ष पण आतून प्रेमळ नायक. त्याच सुमारास सरकारलाही घसरत्या जन्मदराची चिंता लागली. १९९९ मध्ये आरोग्य मंत्रालयाने साम या नर्तकाचा तान्ह्या मुलासोबतचा फोटो छापून, मूल न सांभाळणाऱ्याला बाप म्हणत नाहीत, अशा आशयाची जाहिरात देशभर केली होती. २००४ च्या 'अ‍ॅट होम डॅड' मध्ये आबे हिरोशीने साकारलेला जाहिरात दिग्दर्शक नोकरी गेल्यामुळे नाइलाजाने घर सांभाळतो. 'नाइलाजाने' हे महत्त्वाचं. घरकाम म्हणजे त्याच्यावर कोसळलेलं संकट, विनोद सगळा त्यावर. २०२० मध्ये माजी याकुझा, म्हणजे टोळीतला गुंड, गृहकृत्यदक्ष झाल्याची मालिका आली तीही मला याच जातीची वाटते. एप्रन घातलेला गुंड बघायला मजा येते, पण मजा येते ती पुरुषाने एप्रन घालणं अजून विसंगत वाटतं म्हणूनच.

खरा सांधा बदलला २०१६ मध्ये, टीबीएसच्या मंगळवारी रात्री दहाच्या 'निगेरु वा हाजि दा गा याकु नि तात्सु' या मालिकेत. सगळे तिला 'निगेहाजि' म्हणतात. पटकथा नोगी आकिको यांची, मूळ मांगा, म्हणजे चित्रकथा, उमिनो त्सुनामी यांची. मिकुरी उच्चशिक्षित पण बेकार, हिरामासा पस्तिशी गाठलेला संगणक अभियंता, कधी कोणाच्या प्रेमात न पडलेला. दोघं कागदोपत्री करार करतात: ती घरकाम करणार, तो महिना एक लाख ९४ हजार येन पगार देणार, जगासाठी ते नवरा-बायको. करारात असल्यामुळे प्रत्येक गोष्ट बोलावी लागते. मिठी मारायची तर तिचाही वार ठरतो, मंगळवार.

दहाव्या भागात हिरामासा खरं लग्न करू या म्हणतो. एव्हाना दोघांचं प्रेम जमलेलं आहे. तो आपल्या स्वभावाप्रमाणे आकडेमोड करून आलेला असतो: लग्न केलं की पगार द्यावा लागणार नाही, इतकी बचत होईल, वगैरे. मिकुरी शांतपणे विचारते, म्हणजे प्रेम आहे म्हणून मी हेच काम फुकट करायचं का? हे प्रेमाचं शोषण आहे आणि माझा त्याला ठाम विरोध आहे. एवढ्या गोड मालिकेत, ऐन लग्नाच्या मागणीच्या क्षणी, घरकामाच्या मोबदल्याचा प्रश्न उभा करायला धाडस लागतं. याहून मोठी गोष्ट म्हणजे पुढे काय होतं. हिरामासा रुसून बसत नाही, निघूनही जात नाही. शेवटच्या भागात दोघं घर नावाच्या कंपनीचे समान प्रमुख होतात, बैठका घेतात, कामं वाटतात, वाटणी फसते, पुन्हा बैठक घेतात. लाजाळू, अबोल पुरुषच इथेही नायक आहे, फक्त त्याच्या अबोलपणावर या वेळी प्रेमाने पण न कंटाळता काम केलं गेलं.

२ जानेवारी २०२१ ला 'निगेहाजि'चा विशेष भाग आला. मिकुरीला दिवस जातात. हिरामासा उत्साहाने सांगतो, मी तुला पूर्ण मदत करीन. ती चिडते. मदत? दोघांनी मिळून आईबाप व्हायचं होतं ना? वर्गात हा प्रसंग झाला की मी थांबते, कारण इथे हमखास वाद पेटतो. बरेच मुलगे म्हणतात, बिचारा चांगलंच तर बोलत होता. बऱ्याच मुली काही न बोलता त्यांच्याकडे बघतात. पुढे हिरामासा पितृत्व रजा मागतो आणि कचेरीत कोणाकोणाच्या कपाळाला आठ्या पडतात तेही मालिका दाखवते.

'किनो नानि ताबेता?', म्हणजे 'काल काय खाल्लं?', ही टीव्ही तोक्यो वाहिनीची २०१९ ची रात्री उशिराची मालिका मी सगळ्यांना बघायला लावते. योशिनागा फुमी यांच्या मांगावरून. शिरो वकील, केंजी केशकर्तनालयात काम करणारा, दोघं एकत्र राहतात. शिरो कामाची वेळ संपली की निघतो, बाजारात भाव बघतो, महिन्याचा किराणा २५ हजार येनमध्ये बसवतो. कलिंगड एकट्याला परवडत नाही आणि संपतही नाही, म्हणून दुकानात भेटलेल्या अनोळखी बाईशी तो ते अर्धं-अर्धं वाटून घेतो, आणि तिथून त्यांची मैत्री होते. नवरा कोण आणि बायको कोण, हा प्रश्न या घरात निरर्थक ठरतो, त्यामुळे कोणतंही काम कोणाचं आपोआप ठरत नाही. शिरो कचेरीत केंजीबद्दल अवाक्षर काढत नाही, आणि त्या गप्प बसण्याने केंजीला किती लागतं हे मालिका वारंवार, फार हळुवारपणे सांगते. जपानमध्ये समलिंगी विवाह कायदेशीर नाही, हे दोघांच्या प्रत्येक जेवणामागे आहेच.

२०२४ हे वर्ष तर माझ्यासारखीला पर्वणी होतं. एनएचके या सार्वजनिक वाहिनीची सकाळची मालिका 'तोरा नि त्सुबासा' जपानच्या पहिल्या महिला वकिलांपैकी मिबुची योशिको यांच्या आयुष्यावर बेतलेली. पटकथा योशिदा एरिका यांची. त्यात तोदोरोकी नावाचा विद्यार्थी आहे, खेड्यातून आलेला, मोठ्या आवाजात पुरुषार्थाच्या गप्पा हाणणारा. वर्गात मुली आल्यावर काही दिवसांनी तो मित्राला म्हणतो की ज्या बळाला आणि ज्या मायेला मी पुरुषाचे गुण समजत होतो ते या मुलींत आहेत, मी ज्याला मर्दानगी म्हणत होतो तिचा मुळात पुरुषाशी काही संबंधच नसावा. सकाळी आठ वाजता, देशभरातल्या आजी-आजोबांसमोर, हे वाक्य एका रांगड्या गड्याच्या तोंडी दिलं आहे. युद्धानंतर तोच तोदोरोकी, मेलेल्या मित्रावर आपलं प्रेम होतं हे अडखळत शब्दांत आणतो.

नायिका तोराको हिचा नवरा युझो सैन्यात जाण्याआधी तिला सांगतो की तू पुन्हा वकिली कर, दुसरं काही कर, किंवा मुलीची चांगली आई हो, तुला जे हवं ते आयुष्य तू जग. तो परत येत नाही. गोरोच्या नोटा आणि युझोचं हे बोलणं मी वर्गात एकामागोमाग दाखवते. दोघांच्या मायेत तसूभर फरक नाही. तोराकोला मात्र ते बोलणं पुढे जन्मभर आधाराला धरता येतं, अंदाज करावा लागत नाही.

त्याच उन्हाळ्यात सोमवारी नऊला 'उमि नो हाजिमारि' लागली, उबुकाता मिकु यांची. मेगुरो रेनने केलेला नात्सु हा तरुण कॉलेजातल्या मैत्रिणीच्या अंत्यविधीला जातो आणि तिथे कळतं की तिची सहा-सात वर्षांची मुलगी आपली आहे. तिला दिवस गेले तेव्हा गर्भपाताच्या संमतीपत्रावर सही करून तो मोकळा झाला होता. नात्सु वाईट नाही. तो कोणावर आवाज चढवत नाही, काय ते तू ठरव म्हणतो, ऐकून घेतो. या मालिकेचं मर्म असं की हा सौम्यपणाही गप्प बसण्याचाच एक प्रकार होता, निर्णयाचं सगळं ओझं तिने एकटीने उचललं. आजच्या 'चांगल्या मुला'ला इतकं अवघड काही मी दुसऱ्या कोणत्या मालिकेत विचारलेलं पाहिलं नाही.

त्या वर्षी सगळ्यात गाजली ती मात्र कुदो कान्कुरो यांची 'फुतेकिसेत्सु नि मो होदो गा आरु!'. १९८६ मधला तोंडाळ व्यायाम शिक्षक २०२४ मध्ये येऊन पडतो. जुन्या काळाबद्दलचा तिचा जिव्हाळा मला काही ठिकाणी जास्त वाटला, पण पहिल्याच भागात पात्रं गाणं म्हणतात ते 'आपण बोलू या' असं. आणि २०२५ मध्ये टीबीएसवर 'जा, आन्ता गा त्सुकुत्ते मिरो यो', म्हणजे 'मग तूच करून बघ की'. लग्नाची मागणी घालणाऱ्या कात्सुओला मैत्रीण नकार देते. तिच्या जेवणावर शेरे मारणारा हा गडी चिकुझेन्नि नावाची साधी वाटणारी भाजी स्वतः शिजवायला घेतो, तेव्हा ती रोज काय करत होती हे त्याला कळायला लागतं.

एवढं वाचून जपानी टीव्हीवर क्रांती झाली असं समजू नकोस. तिथे वेळेनुसार पुरुष बदलतो. मंगळवारी दहाला, नोकरदार बायकांसाठीच्या वेळेत, हिरामासा. रविवारी नऊला, सोमवारी कामावर जाणाऱ्यांसाठी, 'हान्झावा नाओकी': बँकेतला लढवय्या, २०१३ च्या शेवटच्या भागाला ४२.२ टक्के प्रेक्षक. हान्झावा बँकेत धबधब्यासारखा बोलतो, घरी त्याची बायको हाना त्याला समजून घेते. ती मालिका मीही श्वास रोखून पाहिली, पण त्या घराचा सांगाडा १९७४ चाच आहे. मंगळवारची वेळही एकसुरी नाही. २०२० मध्ये तिथेच तुसड्या डॉक्टरच्या प्रेमात पडलेल्या नर्सची मालिका तुफान चालली.

आता तुझा दुसरा प्रश्न. २०२१ च्या सरकारी पाहणीत सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरात नवरा घरकाम आणि संगोपन मिळून दिवसाला एक तास ५४ मिनिटं करत होता, बायको सात तास २८ मिनिटं. म्हणजे पडदा वास्तवाच्या पुष्कळ पुढे आहे. पण वास्तव हललंय. पितृत्व रजा घेणारे पुरुष २०१२ मध्ये १.८९ टक्के होते, २०२० मध्ये १२.६५, आणि २०२४ मध्ये ४०.५ टक्के झाले. ऑक्टोबर २०२२ पासून बाळंतपणानंतरच्या आठ आठवड्यांत बापाला चार आठवड्यांपर्यंत वेगळी रजा मिळते, त्याचा यात मोठा वाटा आहे. मात्र बऱ्याच जणांची रजा दोन आठवड्यांच्या आतच आटोपते.

तेव्हा असे पुरुष तुला भेटतील, पण कंपनी बघून. हजारावर कर्मचारी असलेल्या कंपन्यांना २०२३ पासून, आणि तीनशेवर कर्मचारी असलेल्यांना एप्रिल २०२५ पासून, किती पुरुषांनी ही रजा घेतली ते दरवर्षी जाहीर करावं लागतं. मुलाखतीला जाण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर तो आकडा शोध, आणि सरासरी किती दिवसांची रजा घेतात हे मुलाखतीत नीट जपानीत विचार. तो प्रश्न कसा घालायचा ते पुढच्या आठवड्यात वर्गात बसवून घेऊ.